सर, नडगी दुखतेय!

'किनेसिऑलॉजीचे प्रोफेसर' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? चकाचक अमेरिकन कॅम्पस, ट्रेडमिलवर धावणारा पोरगा, त्याच्या छातीला वायरी आणि कॉफीचा मग घेतलेले सर. बरोबर? पण मंडळी, आपल्याकडे याच माणसाला 'पीटीचे सर' म्हणतात! बी.पी.एड.चा सिलॅबस उघडून बघा. कोणता स्नायू कोणत्या सांध्याला कसा ओढतो, हे शिकवणारा किनेसिऑलॉजीचा पेपर त्यात आहे.

या पेपरची खरी किंमत कळते ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैदानांवर, पहाटे. इथल्या कितीतरी पोरापोरींसाठी पोलीस आणि वनरक्षक भरती हाच नोकरीचा हमरस्ता. पोलीस शिपायाची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय सगळ्यांना १०० मीटर आणि गोळाफेक. सेकंदासेकंदाला मार्क. आपण धावतो वजन कमी करायला, ही पोरं धावतात घर चालवायला.

जाहिरात निघाली की पोरं फाटक्या बुटांनी एकदम डांबरी रस्त्यावर रोज आठ-दहा किलोमीटर सुटतात. पंधरा दिवसांत नडगी ठणकायला लागते. तेल चोळून पुन्हा पळलं, तर हाडाला बारीक चीर पडू शकते आणि भरती हातची जाते. अशा वेळी 'अंतर हळूहळू वाढव, मातीवर पळ, मधे एक दिवस आराम कर' हे सांगणारे सर भेटणं म्हणजे लॉटरीच.

गोळाफेकीचंही तसंच. पोरं दंडाच्या जोरावर फेकायला जातात. खरा जोर पायातून निघतो, मांडी-कमरेतून वर चढतो आणि बोटांपर्यंत पोचतो. बरं, फिजिक्समध्ये घोकलेला ४५ अंशांचा कोन इथे चालत नाही. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो, आणि जास्त वर ढकलताना जोर कमी पडतो. म्हणून कोन साधारण ३५ ते ४० अंशांचाच बरा.

मला या कामातलं सगळ्यात भारी काय वाटतं, सांगू? यातलं बरंचसं टाइमटेबलबाहेर चालतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे पळायचं तर पहाटेच. आणि जंगलाकडेच्या रस्त्यावर पहाटे वाघ-बिबट्याची धास्ती! त्यामुळे कॉलेजचं मैदान भल्या पहाटे उघडून देणं, हेसुद्धा इथे कोचिंगच.

विदर्भाला हे नवं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या खेळाडूंनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आणि मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी थेट एव्हरेस्टवर पोचले. अंगात काटकपणा होताच, त्याला शिस्तशीर ट्रेनिंगची जोड मिळाली.

तेव्हा पुढच्या वीकेंडला ताडोबाला जाल, तर वाघ दिसो न दिसो, पहाटे एखाद्या मैदानावर शिट्टी ऐकू आली तर गाडी थांबवा. आणि घरी कपाटात न वापरलेले रनिंग शूज पडले असतील, तर येताना तेवढे घेऊन या!