काडीएवढे विज्ञान

विज्ञानकेंद्र म्हटले की महागडी उपकरणे आणि कुलूपबंद कपाटे आठवतात. पण टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले, तेव्हा त्यांची प्रयोगशाळा आठवड्याच्या बाजारात सापडली! सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्यात त्यांनी आगकाड्या खोचल्या. चौकोन बोटाने कलतो, त्रिकोण मुळीच हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोणच का, हे मुलांच्या हातालाच कळते. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षे त्यांचा हाच उद्योग चालला. वाचकहो, केंद्राला इमारत हवीच. पण त्याआधी मुलांत मांडी घालून बसणारा जाणता हवा. तूर्त फुलबाज्या संपल्या, की उरलेल्या काड्यांचे गूल खरवडून त्या मुलांपुढे ठेवा!