घरचा रस तो गुन्हा, कारखान्याचा तो उद्योग?

मृगाच्या आगेमागे मासवणच्या बाजूस, सूर्या नदीच्या खोऱ्यात, जांभळीखाली पिकल्या फळांचा सडा पडतो. याच पालघर तालुक्यातील बहाडोलीच्या जांभळास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु मानांकनाने फळ टिकत नाही. रानातून जांभळे-करवंदे वेचून आणणाऱ्या आदिवासी बाईस सायंकाळी मिळेल त्या भावाने टोपली रिती करावी लागते. उरलेल्या मालाचा घरी रस काढावा, हाच शहाणपणाचा मार्ग. पण तेथेच कायदा तिच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

फळाच्या सालीवरच किण्व असते. उन्हाळ्यात रस तसाच ठेवला तर एकदोन दिवसांत तो आपोआप आंबून त्यात मद्यार्क उत्पन्न होतो. त्याकरिता भट्टी लावावी लागत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मात्र मद्यार्क असलेला प्रत्येक द्रव 'दारू'च्या व्याख्येत घातला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंदी रद्दबातल ठरविली. अत्तराच्या कुपीस न्याय मिळाला. जांभळाच्या मडक्याची बाजू मांडावयास तेथे कोण होते?

ही दृष्टी मुळात परक्या सरकारची. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती एकवटला, आणि १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. गरीब मनुष्य जे फूल भाजून खातो, ते घरात सापडणे म्हणजे संशयास कारण! हेतू व्यसनमुक्तीचा नव्हता, तिजोरीचा होता. स्वराज्यातही मोहफुले वेचण्यावरील व वाहून नेण्यावरील बंधने राज्य सरकारने उठविली ती २०२१ साली. द्राक्षाच्या वाईनीस मात्र २००१ च्या धोरणापासूनच उत्तेजन आहे. द्राक्षरस आंबला तर उद्योग आणि जांभूळरस आंबला तर अपराध, हा भेद रसायनशास्त्रात कोठेही नाही. तो परवाना काढण्याच्या ऐपतीत आहे.

आम्ही मद्यपानाचे कैवारी नाही. दारूने उठलेली घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. घरगुती रसास मोकळीक दिली तर विषारी दारू बोकाळेल, असे कोणी म्हणतील. त्यांस एवढेच सांगणे की, २०१५ साली मालवणीस शंभरांवर माणसे दगावली ती मेथॅनॉलने, फळांच्या रसाने नव्हे. आणि व्यसन सोडण्यास शिपायाचा दंडाच लागतो, हेही खोटे. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेल्यांतून निघालेली देवीची चळवळ डहाणू, उंबरगावावरून सुरतेपर्यंत पोहोचली, तेव्हा हजारो आदिवासींनी दारू-ताडी आपण होऊन टाकली. अबकारी खात्यास तो नफा मानवला नसेल, ही गोष्ट निराळी.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांस मादक पदार्थांची बंदी वा नियमन करण्याचा अधिकार सांगितला आहे. घरापुरत्या आंबलेल्या रसाचा निर्णय त्या सभेनेच करावा, आणि त्या सभेत स्त्रियांचे मत आधी घ्यावे. बिनमादक सरबताची विद्या तर सोपी आहे: रस ८० अंशांवर तापवून गरम असतानाच स्वच्छ बाटलीत बंद केला, की आंबणे थांबते. मासवणसारख्या गावी बाटल्या, चूल व शिकविणारा मनुष्य सरकारने हंगामापूर्वी पुरवावा. पैसा नाही, ही सबब चालणार नाही. दारूच्या अबकारी उत्पन्नातूनच हा खर्च काढावा.