हरणं कोणाची, बंदूक कोणाची?

दोस्तांनो, हरीण म्हटलं की कवी हळवे होतात. मीही कविता लिहितो. पण गोदीत ओझी उचलणाऱ्याला हा हळवेपणा परवडत न्हाय.

स्कॉटलंडच्या डोंगरात आज हरणं इतकी वाढलीत की कोवळं रोप डोकं वर काढतं न काढतं तोच फस्त होतं. जुनी झाडं मरतात, नवी उभी राहत नाहीत. शहाणे म्हणतात, निसर्गाचा तोल गेला. गेला नाही, घालवला! लांडगा मारून मारून अठराव्या शतकापर्यंत संपवला. मग जमीनदारांनी माणसं हुसकून मेंढ्या आणल्या. मेंढ्यांत नफा उरला नाही तेव्हा शिकारीच्या शौकासाठी हरणं राखली.

लुईस बेट घ्या. 1844 साली जेम्स मॅथेसननं ते अख्खं विकत घेतलं. पैसा कसला? चीनला अफू विकून कमावलेला. माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून जायची. त्या पेट्या कुणाच्या पाठीवरून बोटीत चढल्या, हे सांगायला नको. त्याच बेटावर पार्क नावाच्या मुलखात 1887 च्या नोव्हेंबरात भूमिहीन कुळं बंदुका घेऊन घुसली. हरणं मारली, भाजून खाल्ली. सहाजणांवर दंगलीचा खटला भरला. 1888 च्या जानेवारीत एडिंबरोच्या ज्युरीनं सहाही जणांना सोडून दिलं. भुकेल्यानं मारलं की दंगल, साहेबानं मारलं की खेळ!

आणि त्या खेळानं हरणं कमी होत न्हाईत. साहेबाला भिंतीवर टांगायला शिंगवाला नर हवा. नर मारून कळप घटत नाही, वीण माद्यांच्या पोटी असते. इस्टेटीची किंमतही पूर्वापार वर्षाला किती नर मारता येतात यावर ठरत आली. मग मालक कळप कशाला घटवील?

लांडगा परत आणा म्हणतात. आणावाच. लांडगा शिंगं मोजत नाही. पाडस, म्हातारं, लंगडं, सापडेल ते धरतो, कळपाला एका जागी चरू देत नाही. पण ज्याचं मेंढरू जाईल त्या मेंढपाळाला आधी विचारा, भरपाई रोख त्याच्या हातावर ठेवा. आणि तोवर बंदूक गावाच्या हाती द्या. माद्या मारा, मटण गावात वाटा.

पार्कची जमीन 2015 साली तिथल्या लोकांच्याच संस्थेनं विकत घेतली. सव्वाशे वर्षं लागली. हरणं किती ठेवायची हा हिशेब नंतरचा, दोस्तांनो. जमीन कुणाची, हा सवाल पहिला!