फू त्सुंग : गद्दारही नव्हे, शीतयुद्धाचा विजयचषकही नव्हे

१/ डिसेंबर १९५८. वॉर्सामध्ये शिकणारा २४ वर्षांचा एक चिनी पियानोवादक विमानाने लंडनला गेला आणि पुढील वीस वर्षे त्याला मायदेशाचे दर्शन घडले नाही. त्याचे नाव फू त्सुंग. चीनच्या राजवटीने त्याला गद्दार ठरवले; पश्चिमेने त्याच्याकडे साम्यवादाच्या तावडीतून निसटलेला कलावंत म्हणून पाहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने या दोन्ही बिरुदांना नकार द्यायला हवा. त्याची कारणे या धाग्यात.

२/ फू त्सुंग यांचा जन्म १९३४ चा, शांघायमधला. वडील फू लेई हे बाल्झाक आणि रोमाँ रोलाँ यांना चिनी भाषेत आणणारे ख्यातनाम अनुवादक. तरुणपणी पॅरिसमध्ये राहिलेल्या या पित्याने मुलाला शाळेतून काढून घरीच प्राचीन चिनी ग्रंथ शिकवले. आधी माणूस, मग कलावंत, मग संगीतकार आणि सर्वांत शेवटी पियानोवादक, हा त्यांच्या शिकवणीचा क्रम होता.

३/ पियानोचे धडे मिळाले ते मारिओ पाची यांच्याकडून. पाची हे शांघायच्या म्युनिसिपल ऑर्केस्ट्राचे इटालियन संचालक. म्हणजे पुढे स्थलांतरित होणाऱ्या या मुलाचा गुरूही स्थलांतरितच होता. ‘शुद्ध राष्ट्रीय’ कलेचा दावा करणाऱ्यांनी एवढा तपशील तरी ध्यानात ठेवावा.

४/ १९५५ मध्ये वॉर्सा येथे पाचवी आंतरराष्ट्रीय शोपाँ स्पर्धा भरली. आदाम हारासेव्हिच पहिले, व्लादिमीर अश्केनाझी दुसरे आणि फू त्सुंग तिसरे आले. माझुरकांच्या सर्वोत्तम वादनाचे विशेष पारितोषिकही त्यांनाच मिळाले. माझुरका हे मूळचे पोलिश लोकनृत्य. त्याची लय स्वरलेखनात पुरती उतरत नाही, ती कानाने आणि अंगाने आत्मसात करावी लागते. पोलंडच्या मातीतला हा प्रकार शांघायच्या २१ वर्षांच्या (स्पर्धेच्या दरम्यानच त्यांचा वाढदिवस आला) तरुणाने सर्वांत चांगला वाजवला, ही घटना साधी नव्हती.

५/ हे यश एकट्याचे नव्हते, हेही मान्य करायला हवे. नव्या चीनच्या शासनाने त्यांना पोलंडला पाठवले, तिथे शिकण्याची सोय केली. म्हणूनच टीकाकारांचा प्रश्न वरकरणी बिनतोड वाटतो : ज्या देशाने घडवले, त्या देशाकडे पाठ कशी फिरवली?

६/ या प्रश्नाचे उत्तर १९५७ आणि १९५८ या दोन वर्षांत आहे. १९५७ मध्ये चीनमध्ये ‘उजव्या विचारसरणी’विरुद्धची मोहीम सुरू झाली. लाखो सुशिक्षितांवर शिक्का बसला आणि १९५८ मध्ये तो फू लेई यांच्यावरही बसला. अशा मोहिमांत आप्तांनी आप्तांवर जाहीर आरोप करणे अपेक्षित असे. आपण परतलो असतो तर पित्याला पुत्राविरुद्ध आणि पुत्राला पित्याविरुद्ध बोलावे लागले असते, असे फू त्सुंग यांनी पुढे सांगितले. पियानो आणि मायदेश यांतून एक निवडण्याइतका हा प्रश्न सरळ नव्हता. परतण्याची किंमत पित्याशी बेइमानी हीच असण्याची शक्यता होती.

७/ येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फू त्सुंग यांच्या बचावार्थ अनेकदा १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीचा दाखला दिला जातो. १९५८ च्या चायकोव्हस्की स्पर्धेत दुसरे पारितोषिक विभागून मिळवणारे लिऊ शिकुन यांना तुरुंगवास भोगावा लागला. शांघायच्या प्रतिभावान पियानोवादक गू शंगयिंग यांनी १९६७ मध्ये आई आणि भावासह जीवन संपवले. दोन्ही घटना खऱ्या आणि भीषण. पण १९५८ मध्ये त्या कोणालाच ठाऊक नव्हत्या. नंतर घडलेल्या घटनेने आधीच्या निर्णयाचे समर्थन करणे ही इतिहासलेखनातील जुनी चूक आहे. निर्णयाच्या क्षणी जे ठाऊक होते, त्याच तराजूत तो तोलावा. पित्यावरील शिक्का तेव्हा ठाऊक होता आणि तेवढे पुरेसे आहे.

८/ आता दुसरे बिरुद. लंडनमध्ये त्यांना मंच मिळाला, कीर्ती मिळाली. १९६० मध्ये ख्यातनाम व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या कन्या झामिरा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी वृद्ध हेर्मान हेस यांनी रेडिओवर त्यांचे शोपाँ-वादन ऐकून भारावून एक लेख लिहिला. त्या लेखातही वादकामागे प्राचीन, ताओवादी चीनची प्रतिमा उभी राहते. कौतुक मनापासूनचे, तरीही ‘चिनी’ हे विशेषण सुटत नाही. स्थलांतरित कलावंताला आपली कला आणि आपला पासपोर्ट वेगळे ठेवण्याची मुभा क्वचितच मिळते.

९/ स्वतः फू त्सुंग यांनी मात्र हे नाते आपल्या परीने जोडले. शोपाँमध्ये त्यांना ली यू आठवे. ली यू म्हणजे दहाव्या शतकात राज्य गमावून बंदिवासात कविता रचणारा राजा. शोपाँनेही १८३० मध्ये वॉर्सा सोडले ते कायमचेच. हरवलेल्या भूमीची व्यथा समजायला पोलिश असणे अनिवार्य नाही, हे त्यांच्या माझुरकांनी आधीच सिद्ध केले होते.

१०/ या कारकिर्दीचा जमाखर्च मात्र शांघायच्या घरातील नोंदीशिवाय अपुरा राहतो. पलायनानंतर काही महिने खंडित झालेला पिता-पुत्रांचा पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. बोटांच्या ठेवणीपासून संसारापर्यंत सर्व विषयांवर फू लेई लिहीत राहिले. सप्टेंबर १९६६ मध्ये रेड गार्ड्सच्या छळानंतर त्यांनी आणि पत्नी झू मेईफू यांनी एकत्र मृत्यू पत्करला. मुलगा दूर लंडनमध्ये होता.

११/ मुलाच्या पलायनामुळे आईवडील गेले, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु त्याच्या थोडेच आधी, ऑगस्ट १९६६ मध्ये, बीजिंगमध्ये थोर साहित्यिक लाओ शं यांचाही अपमान आणि मारहाणीनंतर अंत झाला, आणि त्यांची मुले काही देश सोडून पळाली नव्हती. मुलाच्या जाण्याने घरावरील संशय वाढला असेल. छळ करणारे हात मात्र राजवटीने मोकळे सोडलेले होते. दोष तिथेच ठेवायला हवा.

१२/ १९७९ मध्ये फू लेई यांची प्रतिष्ठा अधिकृतपणे पुनःस्थापित झाली आणि फू त्सुंग शोकसभेसाठी शांघायला आले. १९८१ मध्ये पित्याची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि चीनमधील घराघरांत वाचली गेली. ज्याला गद्दार म्हटले, त्यालाच लिहिलेली पत्रे पुढच्या पिढीला संस्कारांसाठी देण्यात आली. डिसेंबर २०२० मध्ये लंडनमध्ये कोविडने त्यांचे निधन झाले.

१३/ देश सोडणाऱ्या कोणत्याही तरुण कलावंताविषयी वाचताना ‘तो कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न शेवटी ठेवावा. परतण्यासाठी त्याला नेमके काय करावे लागणार होते, हे आधी विचारावे. फू त्सुंग यांच्या बाबतीत त्याचे उत्तर होते : स्वतःच्या पित्याविरुद्ध साक्ष. ती देण्यास नकार देणाऱ्याला गद्दार म्हणणाऱ्यांनी निष्ठा या शब्दाचा अर्थ एकदा तपासून पाहावा.