ताटातली ‘शिकार’ आणि कोठडीतला पारधी



नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचे आमचे घोडेगाव जनावरांच्या बाजारासाठी ओळखले जाते. शुक्रवारी इथे लांबलांबून म्हशी येतात, व्यापारी येतात, शेतकरी येतात. सौदा झाला की माणसे जेवायला बसतात. कोंबडी, मटण, अंडाकरी सगळे पाटीवर लिहिलेले असते. पण हमरस्त्यावर जेवणाऱ्यांत एक प्रश्न हळू आवाजात विचारणारेही असतात, “आज काही स्पेशल आहे का?” हा प्रश्न एकट्या घोडेगावचा नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेवर ऐकू येतो. स्पेशल म्हणजे काय हे सगळ्यांना कळते. ससा, तितर, लाव्हा, नाहीतर रानडुक्कर.

हे मांस हॉटेलात किंवा दुकानात कायदेशीररीत्या येते कुठून? आपल्यातले बरेच जण समजतात की कुठूनतरी परवाना मिळत असेल. म्हणून कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम ९ शिकारीला बंदी करते. शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. फासा लावणे, जाळे टाकणे, जिवंत पकडणे, अंडी काढणे, हे सगळे या कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. ससा, तितर, घोरपड, मोर, काळवीट, रानडुक्कर या सगळ्यांना कायद्याच्या अनुसूचींचे संरक्षण आहे. कलम ३९ सांगते की शिकार झालेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर वनखात्याच्या परवानगीने मारले, तरी त्याचे मांस शेतकऱ्याचे होत नाही आणि हॉटेलवाल्याचे तर नाहीच.

आता कलम ४४ बघा. वन्यप्राण्याच्या मांसाचा व्यापार करणे आणि ते खानावळीत शिजवणे किंवा वाढणे, दोन्हींना हे कलम परवान्याशिवाय मनाई करते. खानावळ म्हणजे काय हेही कायद्याने सांगितले आहे. हॉटेल, रेस्टॉरंट किंवा पैसे घेऊन खायला देणारी कोणतीही जागा. परवान्याची भाषा कागदावर आहे, पण शिकारच बंद असल्यावर माल आणणार कुठून? म्हणजे उत्तर सरळ आहे. आपल्या रानातला ससा किंवा तितर हॉटेलच्या ताटात कायदेशीर मार्गाने येऊच शकत नाही.

मग कायदेशीर काय मिळते? फक्त पाळलेले. जपानी बटेर हा पक्षी १९७४ मध्ये बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय संशोधन केंद्रात परदेशातून आणला गेला आणि तिथून त्याचे पालन देशभर पसरले. हॉटेलात ‘बटेर’ म्हणून मिळणारा कायदेशीर पक्षी तो हाच. आपल्या माळावरचा लाव्हा वेगळा. तेच सशाचे. शेडमध्ये वाढवलेला पांढरा ससा मूळचा युरोपातला, आणि ज्वारीच्या रानात उड्या मारणारा आपला ससा वेगळ्या जातीचा, संरक्षित. टर्की आणि इमू हेही पाळीवच. या इमूच्या नादात किती शेतकरी बुडाले ते आपण पाहिले आहे. असा माल विकणाऱ्या हॉटेलकडे अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी हवी आणि माल कोणत्या फार्मवरून आला त्याचे बिल हवे. बिल दाखवता येत नसेल, तर ग्राहक फसवला जातोय किंवा गुन्हा घडतोय, दोन्हींपैकी एक नक्की.

परदेशात तरी हे मोकळे असेल असे वाटते. तेही खरे नाही. अमेरिकेत परवाना काढून हरीण मारता येते, घरी खाता येते, पण मारलेले हरीण हॉटेलला विकता येत नाही. तिथल्या हॉटेलात मिळणारे हरणाचे मांस फार्मवरचे असते, बरेचसे न्यूझीलंडहून आलेले. ब्रिटनमध्ये रानातला मारलेला फेझंट बाजारात येतो, पण ज्या जमिनीवर तो मारला जातो ती बहुतेकदा बड्या जमीनदाराची आणि बंदूक पैसेवाल्याची. म्हणजे रानातल्या मांसाचा प्रश्न जगभर शेवटी जमीन कोणाची आणि हक्क कोणाचा, इथेच येऊन थांबतो.

आपल्याकडे तर त्याला जात चिकटलेली आहे.

अशा गुन्ह्याची बातमी आठवून बघा. फोटोत उकिडवा बसवलेला माणूस कोण असतो? त्याच्यासमोर मांडलेले फासे, जाळे, दोन-चार मेलेले पक्षी. तो बहुतेकदा पारधी असतो, नाहीतर भिल्ल. माल कोणी मागवला, कोणत्या गाडीतून गेला, कोणत्या किचनमध्ये शिजला, कोणत्या टेबलावर वाढला, याचा बातमीत पत्ता नसतो. कलम ४४ मधली ‘खानावळ’ त्या फोटोत कधीच दिसत नाही.

याला कायद्याची रचनाही हातभार लावते. कलम ५७ प्रमाणे ज्याच्या ताब्यात माल सापडला, त्याने तो बेकायदेशीर नाही हे सिद्ध करायचे. हातात सापडणार कोणाच्या? फासा लावणाऱ्याच्या. हॉटेलातला माल तोवर रस्सा होऊन पोटात गेलेला असतो. सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अनुसूची १ मधला प्राणी असेल तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षे. आणि कलम ५४ सांगते की किमान शिक्षा ठरलेली नाही अशा गुन्ह्यात रक्कम भरून प्रकरण मिटवता येते. २०२२ च्या दुरुस्तीने या रकमेची मर्यादा ५ लाखांपर्यंत नेली. ५ लाख कोण भरू शकतो, ढाब्याचा मालक की पालात राहणारा माणूस? ज्याच्याकडे पैसे तो घरी, ज्याच्याकडे नाहीत तो तारखेला.

हे आजचे नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून जन्मालाच गुन्हा ठरवले. त्याच काळात साहेब, राजे आणि सरदार शिकारीला ‘खेळ’ म्हणत होते. त्यांच्यासाठी हाका घालायला, माग काढायला, जनावर उचलायला हाच माणूस लागत होता. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्यातही परवाना काढून शिकार करता येत होती. परवाना कोणाला मिळत होता ते सांगायला नको. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातीचा शिक्का कागदावरून पुसला, १९७२ मध्ये वन्यजीव कायदा आला, आणि ज्याची पिढ्यान्‌पिढ्यांची एकमेव विद्या फासा ही होती, तो पुन्हा गुन्हेगार झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्क मोजताना शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. विद्या काढून घेतली, पण बदल्यात जमीन, शिक्षण, नोकरी त्या प्रमाणात दिली का? शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात हजेरीची जाचक पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना नोकऱ्या दिल्या. एका राजाला जे सुचले, ते प्रजासत्ताकाला अजून पुरते जमलेले नाही.

काही जण मला विचारतील, “तुम्ही बौद्ध, पंचशील घेणारे, आणि शिकारीची बाजू घेता?” नाही. मी शिकारीची बाजू घेत नाही. वन्यजीव वाचले पाहिजेत. आपल्या जिल्ह्यातल्या रेहेकुरीचे काळवीट आणि जायकवाडीचे पक्षी आपल्या लेकरांनाही दिसले पाहिजेत. पण बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेचा विचार करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. तो इथे लावून बघा. पोटासाठी फासा लावणाऱ्याची ती गरज होती, निदान आजवर तरी. पोट भरलेले असताना जिभेच्या चोचल्यासाठी ‘स्पेशल’ मागवणाऱ्याची ती इच्छा आहे. कायद्याचा दंडुका मात्र गरजेच्या पाठीवर पडतो आणि इच्छा बिल देऊन निघून जाते.

ताटावरून माणसाची प्रत ठरवणे ही या देशाची जुनी खोड आहे. मेलेल्या ढोराचे मांस खायला लावून आपल्याला अस्पृश्य ठरवले, म्हणून १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवर बंदी आली, तेव्हा ताब्यातल्या मांसाबद्दल आरोपीनेच निर्दोषत्व सिद्ध करावे अशी तरतूद होती. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ती रद्द केली. घोडेगावच्या बाजारात भाकड जनावर घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला या कायद्याची झळ माहीत आहे. गरिबाचे ताट आणि गरिबाचे हात तपासायला यंत्रणा तयार असते, श्रीमंताचे टेबल तपासायला नसते.

मग आपण काय करायचे?

एक, आपल्या मित्रमंडळींत, लग्नाच्या हळदीला, निवडणुकीच्या पार्टीत ‘स्पेशल’ मागवणे बंद. मागणारा आहे म्हणून फासा लागतो. हे आपल्या समाजातल्या पोरांनाही लागू आहे, फक्त इतरांना उपदेश नको.

दोन, माहिती अधिकारात वनविभागाला विचारा. आपल्या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत वन्यजीव कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, त्यांत आरोपी किती, त्यांतले हॉटेलचालक, व्यापारी किंवा खरेदीदार किती, आणि कलम ५४ खाली किती प्रकरणे रक्कम घेऊन मिटवली. आकडे हातात आले की भाषण करायची गरज उरणार नाही.

तीन, पारधी वस्तीवर कोणाला उचलले की त्याच दिवशी वकील उभा करा. विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत हा अनुसूचित जमातीच्या माणसाचा हक्क आहे. आणि गुन्हा खोटा असेल तर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर खोटी, द्वेषातून केलेली कारवाई हाच ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरतो, हे ठाणेदाराला लेखी कळवा.

चार, पारध्यांसाठीच्या योजना राजूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयातून खाली आणा. नेवाशाच्या पालावरच्या बाईने अख्खा जिल्हा ओलांडून अकोले तालुक्यात कागद न्यायचे, हे चालणार नाही. जातीचा दाखला आणि रेशनकार्ड वस्तीवर शिबिर लावून द्या. बटेर-पालन कायदेशीर आहे, तर त्याचे शेड आणि कर्ज पारधी कुटुंबाला का नको? पाखराची खोड, खाणे, आजार त्याच्याइतके कोणाला कळते? अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांनी तणमोर वाचवण्याच्या कामात हीच जाण वापरली आहे.

कायदा सगळ्यांना सारखा हवा, एवढीच मागणी आहे. कलम ९ फासा लावणाऱ्याला लागू होते, तर कलम ४४ शिजवणाऱ्याला आणि वाढणाऱ्यालाही लागू झाले पाहिजे. तपास फाशापाशी थांबता कामा नये, तो ताटापर्यंत गेला पाहिजे.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.

जय भीम! जय संविधान!