ऑक्टोपसच्या मागचं जंगल

'माय ऑक्टोपस टीचर' पाहिलेल्या कुणालाही विचारा, काय लक्षात राहिलं? क्रेग फॉस्टरच्या छातीला बिलगलेली ती ऑक्टोपस मादी, शार्कनं तोडून नेलेली तिची भुजा, अंडी राखता राखता विरत गेलेलं तिचं शरीर. हे सगळं ज्या जंगलात घडलं, त्याची आठवण क्वचितच कुणी काढतं. मला हा माहितीपट मोठा वाटतो तो त्या जंगलामुळेच. आणि त्या जंगलाच्या बाबतीतच तो थोडा कमीही पडतो.

पिप्पा एर्लिक आणि जेम्स रीड यांनी दिग्दर्शित केलेला हा ८५ मिनिटांचा माहितीपट २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला आणि २०२१ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. निसर्गपट तासाभरात आपल्याला ध्रुवापासून वाळवंटापर्यंत फिरवून आणतात. इथे जागा एकच, केप टाउनजवळचा फॉल्स बे हा उपसागर. माणूस एकच, फॉस्टर, तोही रोज त्याच पाण्यात उतरणारा. पाठीवर प्राणवायूची टाकी नाही, अंगात थंडी अडवणारा पोशाख नाही. पाणी कधी कधी ८-९ अंशांपर्यंत उतरलेलं. श्वास संपला की वर यायचं, पुन्हा जायचं. या एका निर्णयानं पाहणाऱ्याला पाण्यात ओढून नेलं आहे. तिसऱ्या-चौथ्या बुडीनंतर आपलाही श्वास त्याच्या श्वासाबरोबर अडकू लागतो, आणि डोळे दृश्यावरून घसरायचे थांबून एका जागी टिकतात.

मग दिसू लागतो केल्प. ही झाडं नव्हेत, तपकिरी शैवालं आहेत. तळाच्या खडकाला धरून ठेवणारी बोटांसारखी पकड, तिच्यातून वर गेलेला लांबच लांब पोकळ दांडा, टोकाला हवेचा फुगा आणि पृष्ठभागावर पसरलेली पाती. फॉल्स बेमधल्या या जातीला तिकडे 'सी बांबू' म्हणतात. त्या पकडीच्या बेचक्यांत किडे, शिंपले, भंगुरतारे यांची वस्ती असते. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वारा वरचं पाणी समुद्रात ढकलतो, खालचं थंड आणि पोषक पाणी वर येतं, आणि त्या जोरावर हे जंगल नामिबियापर्यंत हजार किलोमीटरहून लांब पसरलं आहे.

आता माझी तक्रार. पायजमा शार्क आला की संगीत बदलतं, काळजाचा ठोका चुकवतं, आणि अंगावर पट्टे असलेला जेमतेम मीटरभर लांबीचा तो मासा खलनायक होऊन बसतो. ऑक्टोपस शिंपले-दगड अंगाभोवती गोळा करून लपते, मग थेट शार्कच्या पाठीवर जाऊन बसते. हे दृश्य विलक्षण आहे, मी ते कितीही वेळा पाहीन. फॉस्टर मध्ये पडत नाही, हेही मला फार मोलाचं वाटतं. पण जिथे त्यानं हात आवरला, तिथे संगीतानं आवरला नाही. केल्पच्या जंगलात नायिका आणि खलनायक अशी वाटणी चालत नाही.

हे किती खरं आहे, याचे दोन दाखले आहेत. पहिला उत्तर कॅलिफोर्नियाचा. २०१३ पासून तिथल्या समुद्रताऱ्यांना एका रोगानं गाठलं. सूर्यफुलासारखा अनेक भुजांचा मोठा तारा, जो समुद्री साळू खातो, तो जवळपास नाहीसा झाला. साळू खाणारे समुद्री ऑटर या पट्ट्यातून फरच्या व्यापारानं आधीच संपवले होते. त्यात समुद्राचं पाणी तापलं, साळू बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प तळापासून कुरतडला. काही वर्षांत तिथलं नव्वद टक्क्यांहून अधिक केल्पचं छत गेलं. खायला उरलं नाही म्हणून अबलोनी हे मोठे शंखधारी प्राणी उपासमारीनं मेले, आणि २०१८ मध्ये त्यांची हौशी मासेमारी बंद करावी लागली.

हे वाचून साळू हाच शत्रू, असं वाटेल. म्हणून दुसरा दाखला, फॉल्स बेच्याच पूर्व टोकाचा, केप हँगक्लिपचा. १९९० च्या दशकात त्या बाजूला रॉक लॉबस्टर मोठ्या संख्येनं सरकले आणि त्यांनी साळू खाऊन टाकले. पण तिथे अबलोनीची पिल्लं साळूच्या काट्यांखाली आसरा घेतात. साळू गेले तशी ती पिल्लं उघडी पडली. वर चोरट्या शिकारीत मोठे अबलोनीही ओरबाडून नेले जात होते. कॅलिफोर्नियात ज्याच्यामुळे जंगल उजाड झालं, तोच प्राणी इथे दुसऱ्याच्या लेकरांचं छप्पर होता.

माहितीपटात ही चोरटी शिकार जवळजवळ नाहीच. एका माणसाची आणि एका प्राण्याची जवळीक सांगायची म्हणून बाकीची माणसं चौकटीबाहेर ठेवली, हे समजतं. तरी ज्या पाण्यावर प्रेम करायला हा माहितीपट शिकवतो, त्या पाण्यातून काय उपसलं जातं हे पाच मिनिटांत का होईना सांगायला हवं होतं. प्रेक्षक तोवर इतका आत आलेला असतो की त्यानं ते नक्की ऐकून घेतलं असतं.

आपल्या कोकणच्या कोमट पाण्यात केल्प नाही. ऑक्टोपस मात्र मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरही आहेत. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन हे जग दाखवत आली आहेत. हा माहितीपट पाहिला नसेल तर घरातल्या सर्वांत मोठ्या पडद्यावर पाहा. पाहिला असेल तर पुन्हा लावा, आणि या वेळी नजर ऑक्टोपसवरून काढून तिच्या मागे हलणाऱ्या पात्यांवर ठेवा. मग मुलांना घेऊन मोठ्या ओहोटीला जवळच्या खडकांवर जा. सावकाश चाला, दगड उलटू नका, आणि तिथलं काहीही घरी आणू नका.