बॅटरीवर खोटा आळ

गणपतीला मुंबईहून आलेली गाडी परतीच्या दिवशी सुरू न होणं हा आता रत्नागिरीत उत्सवाचाच एक विधी झालाय. या आठवड्यात तो आमच्या आळीत पार पडला. दुकानदाराने ‘बॅटरी गेली’ म्हणत नवी गळ्यात मारली. चार दिवसांत तीही झोपली. बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि वूफर कसे जोडलेत, हे कुणी पाहिलंच नाही.

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्यांनी एकदा मिरकरवाड्याच्या जेटीवर जावं. मच्छीमार बोटीत जीपीएस, फिशफाइंडर, वायरलेस, खलाशांची गाणी, सगळं बॅटरीवर चालतं. तेही खाऱ्या पाण्यात. लाकूड किंवा फायबरमधून करंट परत जात नाही, म्हणून प्रत्येक यंत्राला प्लस आणि मायनस अशा दोन्ही वायरी ओढाव्याच लागतात. गाडीत मात्र पत्राच मायनसचं काम करतो. मग कारागीर मायनसची वायर हाताला लागेल त्या स्क्रूखाली, रंगावरच चेपतो. आपल्या हवेत तिथे गंज धरायला कितीसा वेळ लागतो? मग वूफरच्या प्रत्येक ठोक्याला दिवे मिणमिणतात आणि रेस दिली की स्पीकर कुईं करतो. उरलंसुरलं मुंबई-गोवा महामार्ग पाहून घेतो. २०११ पासून रुंद होत असलेल्या त्या रस्त्यावरून एकही नट ढिला न होता आलेली गाडी मला कुणी दाखवावीच!

तपासणी सोपी आहे. गाणी मोठ्याने लावून अँप्लिफायरचा मायनस आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये मल्टिमीटर धरा. पाव व्होल्टच्या वर आकडा गेला, तर अर्थिंग कच्चं. पत्रा खरवडून नट पुन्हा आवळा. मग गाडी बंद करा, अर्धा तास थांबा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून बॅटरी व तिची मायनस केबल यांच्या मधोमध जोडा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३०० दिसले, तर दिवसाला सात अँपिअर-तास गळतायत. छोट्या गाडीची ३५ची बॅटरी चार दिवसांत हात टेकणारच. स्टिरिओचा किंवा अँप्लिफायरचा फ्यूज काढल्यावर आकडा खाली आला, तर चोर सापडला. बहुधा चावीवर घ्यायची वायर थेट प्लसवर मारलेली असते.

एवढं केल्याशिवाय नवी बॅटरी घेऊ नका. दुकानदार काहीही म्हणो.